सांगलीची हिमालयन मोंबासाला: एका गाडीच्या कागदांचं प्रकरण

सर सांगलीचे. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झालेले. गाडी २०१९ ची रॉयल एनफील्ड हिमालयन, एमएच-१० पासिंग. त्यांना केनियातल्या मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा रस्ता स्वतःच्या गाडीवर करायचा होता, आणि त्याचं कारण होतं रेल्वे. ब्रिटिशांनी १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा ते किसुमू जो लोहमार्ग घातला, त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते. बहुतेक पंजाबातले, कराचीहून बोटीत बसवलेले. अडीच हजारांच्या आसपास माणसं तिथेच दगावली. १८९८ मध्ये त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंह मजुरांना तंबूतून ओढून नेत होते, ती हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. सरांना त्या पलीकडचंही बरंच पाठ होतं. शेवट त्यांना युगांडातल्या जिंजाला करायचा होता. नाईल जिथे सरोवरातून बाहेर पडते, तिथे १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग विसर्जित झाला.

माझं काम मुंबईत आयात-निर्यातीच्या कागदांचं. स्वतःची मोटारसायकल परदेशी नेणारे अधूनमधून येतात. बहुतेकांच्या हातात मार्गाचा नकाशा तयार असतो, परतीचा कागद एकही नसतो. सरांचं प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण अशा प्रवासात जेवढ्या अडचणी येऊ शकतात त्यातल्या बऱ्याच त्यात आल्या आणि एक सोडून सगळ्या गाडी पेटीत बसण्याआधीच सुटल्या.

पहिला प्रश्न मी सगळ्यांना विचारतो तोच त्यांना विचारला. गाडी न्यायचीच कशाला? नैरोबीत मोटारसायकल भाड्याने मिळते. दोन-तीन आठवड्यांचाच प्रवास असेल तर भाड्याचीच गाडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्राने पाठवलेल्या पेटीचं भाडं फार नसतं. दोन्ही बंदरांवरची हाताळणी, गोदाम, तिकडचा एजंट, इकडचा एजंट, पेटी बांधणं, हे सगळं मिळून आकडा फुगतो, आणि प्रवास आठवड्याचा असो की दोन महिन्यांचा, तो तेवढाच राहतो. सरांकडे दोन महिने होते. मॅडम, म्हणजे त्यांच्या पत्नी, मागे बसणार होत्या, त्यांच्या पाठदुखीसाठी सीट मुद्दाम बदलून घेतलेली होती. हिशेब स्वतःच्या गाडीच्या बाजूने झुकला.

आता मूळ मुद्दा. रस्त्यावर ती सरांची गाडी असेल, पण कस्टम्सच्या लेखी ती आयात झालेली वस्तू. केनियात गाडी उतरली की तिच्यावर आयात शुल्क लागू होतं. ते न भरता गाडी फिरवायची तर ‘ही ठरल्या मुदतीत देशाबाहेर जाईल, न गेल्यास शुल्काची हमी आमची’ असं सांगणारं कोणीतरी लागतं. ते काम कार्ने करतं. पूर्ण नाव कार्ने द पासाज आं दुआन, कमाल मुदत एक वर्ष. आपल्याकडे ते ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं. महाराष्ट्रातले लोक बहुतेक मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे जातात, १९१९ पासूनची संस्था आहे. हमीसाठी तुमची बँक गॅरंटी किंवा ठेव घेतली जाते. ती किती, हे गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही कोणकोणत्या देशांत जाणार यावर ठरतं. गाडी नियमाप्रमाणे परत आली नाही तर तिकडचं शुल्क या पैशांतून वसूल होतं. नेपाळला भन्सार, म्हणजे सीमेवरचं कस्टम्स शुल्क, भरून गेलेल्या लोकांना हा सगळा व्याप जड वाटतो, पण नेपाळच्या अनुभवावरून मोंबासाचा अंदाज करता येत नाही.

कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना एक फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा तुमच्याजवळ राहतो. त्यावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा असे दोन्ही शिक्के हवेत. म्हणजे एका प्रवेशाला एक पान. सर म्हणाले, “देश तीन, म्हणजे पाच पानांचं पुस्तक भरपूर झालं.” मी त्यांचा मार्ग कागदावर मांडला. मोंबासाला उतरून केनिया, एक पान. नमंगाहून टांझानियात अरुशाला, दुसरं. परत केनिया, तिसरं. बुसियाहून युगांडा, चौथं. गाडी बोटीवर चढवायला पुन्हा केनिया, पाचवं. पाच पानं संपली, हातात एकही शिल्लक नाही. वाटेत पूर आला, पूल बंद झाला, सीमा बदलावी लागली तर? दहा पानांचं घ्यायचं ठरलं. देश मोजायचे नसतात, सीमेवरचे प्रवेश मोजायचे असतात.

कार्नेवर गाडीची ओळख म्हणून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर येतो, आरसीवर आहे तसाच. म्हणून मी प्रत्येकाकडून दोन्ही नंबरांची पेन्सिल छाप मागतो. आरटीओत लावतात तीच पद्धत, नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची. आरसीचा फोटो मला पुरत नाही. आरसी सांगते की गाडीवर काय असायला हवं. छाप सांगते की प्रत्यक्ष काय आहे.

सरांच्या छापा आल्या. चेसिसची सुरेख उठलेली, एकेक अक्षर मोजून घ्यावं अशी. इंजिनाच्या कागदावर नुसता करडा पट्टा होता. अक्षर एकही नाही.

मी फोन केला. “सर, इंजिन कधी उघडलं होतं का?”

“हो, दोन वर्षं झाली. तेल गळायचं. केसिंगला तडा होता म्हणून एका बाजूची केसिंग बदलली. का हो?”

नंबर जुन्या केसिंगवर होता. ती बदलली आणि नंबर तिच्याबरोबर गेला. नवा भाग कोरा आला, तसाच बसला, आणि ही गोष्ट आरटीओत नोंदवायची असते हे ना वर्कशॉपने सांगितलं, ना सरांना कळायला काही मार्ग होता. सांगली-कोल्हापूर-गोवा करायला अडचण येत नाही, कोणी वाकून बघत नाही. पण परत येताना न्हावाशेवाला कस्टम्सचा अधिकारी पेटी उघडून ‘गेली ती हीच गाडी का’ एवढंच तपासणार. नंबर जुळला नाही तर हीच गाडी गेली होती हे सिद्ध करायचं ओझं मालकावर, आणि सिद्ध झालं नाही तर परदेशातून आलेली जुनी मोटारसायकल म्हणून शुल्क. जुन्या वाहनांच्या आयातीवर आपल्याकडे अटीही कडक आणि शुल्कही जबर. स्वतःचीच गाडी पुन्हा विकत घेण्याची पाळी.

याच टप्प्यावर सरांना कोणीतरी सुचवलं की गॅरेजवाला पंच घेऊन दहा मिनिटांत तोच नंबर ठोकून देईल. असले सल्ले देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. परस्पर ठोकलेला नंबर म्हणजे छेडछाड केलेली गाडी. ठोक्यांची खोली, अक्षरांचं वळण, ओळीचा तिरकेपणा पाहून जाणकार नजरेला ते लगेच कळतं. मग चोरीची गाडी असल्याचा संशय घेऊन प्रामाणिक माणूस पोलिसांपुढे उभा राहतो, तोही परक्या देशात.

सर सरळ मार्गाने गेले. केसिंगच्या खरेदीचं बिल त्यांनी जपून ठेवलं होतं आणि तडा गेलेला जुना तुकडाही माळ्यावर होता, नंबरासकट. तो तुकडा, बिल, प्रतिज्ञापत्र आणि गाडी घेऊन ते सांगलीच्या आरटीओत गेले. निरीक्षकांनी तपासणी केली, नंबर पुन्हा ठोकायला परवानगी दिली, नंतर पुन्हा पाहिलं आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदलाची नोंद झाली. दीडेक महिना गेला. तोपर्यंत विमानाची तिकिटं काढू नका म्हणून मी सांगून ठेवलं होतं, ते त्यांनी पाळलं. दुसऱ्यांदा आलेली छाप आजही माझ्या फाईलला आहे.

नावाचा घोळ त्यामानाने किरकोळ. आरसीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव-वडिलांचं नाव आधी आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, पण परदेशी कारकुनाला ती दोन माणसं वाटू शकतात. कार्ने पासपोर्टप्रमाणे करून घेतलं आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र सोबत दिलं. गाडीवर कर्ज नव्हतं हे नशीब. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र मिळवण्यातच वेळ जातो, आणि बँकांना हा प्रकार समजावून सांगणं सोपं नाही.

विमा हा बहुतेकांच्या समजुतीत ठार चुकलेला विषय. आपल्या पॉलिसीचं क्षेत्र भारत. जादा हप्ता भरून आयएमटी १ या कलमाने ते वाढवता येतं, पण फक्त बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंत. आफ्रिकेत ती पॉलिसी निरुपयोगी. केनियात उतरल्यावर तिथला तृतीय पक्ष विमा घ्यावा लागतो आणि त्यावर कोमेसाचं, म्हणजे तिकडच्या आफ्रिकी देशांच्या व्यापारसंघाचं, यलो कार्ड घेतलं की टांझानिया आणि युगांडातही तो चालतो. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून, फॉर्म ४-अ भरून, वर्षभराचा. गाडीच्या मागे पांढऱ्या लंबवर्तुळात काळ्या अक्षरांत भारताची ‘आयएनडी’ ही खूण. हे सगळं सरांनी आपलं आपणच केलं.

पिवळ्या तापाची लस मात्र वेगळ्याच कारणासाठी सांगतो. लोक तिच्याकडे आफ्रिकेत शिरायची अट म्हणून पाहतात. युगांडात शिरताना ती लागतेच, पण खरी कडक तपासणी आपल्याकडे परतताना होते. पिवळ्या तापाच्या देशातून आलेल्या प्रवाशाकडे वैध दाखला नसेल तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. दाखला लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. साठी ओलांडलेल्यांना ही लस देण्याआधी डॉक्टर जास्त विचार करतात. सर आणि मॅडम दोघंही त्या वयाचे, म्हणून आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली आणि मगच लस.

पेटीवर मी हटून बसतो, कारण इथे थेट पैसे वाचतात. कंटेनरमध्ये इतरांच्या मालाबरोबर पेटी पाठवली की भाडं घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर. मोटारसायकल वजनाने हलकी आणि आकाराने अवघड. हिमालयन आहे तशी उभी ठेवली तर पेटी साधारण २.३ मीटर लांब, ०.९५ रुंद आणि १.४ उंच होते, म्हणजे ३ घनमीटरच्या थोडी वर. पुढचं चाक, आरसे, काच काढली, हँडल सैल करून टाकीवर आडवं झोपवलं, तर २ बाय ०.७५ बाय १.१५, म्हणजे पावणेदोन घनमीटरच्या आत. चाक काढल्यावर एक्सल परत फोर्कमध्ये सरकवून तो पेटीच्या तळाला क्लॅम्पने आवळायचा, शॉकअप अर्ध्यापर्यंत दाबून पट्टे ताणायचे. पूर्ण दाबले तर महिनाभरात ऑइल सील फुटतात. पेट्रोल काढून टाकायचं, बॅटरीची टोकं सोडवून टेप गुंडाळायची. पेट्रोलवर चालणारं वाहन यूएन ३१६६ या क्रमांकाखाली धोकादायक मालात मोडतं, तेव्हा कागदांवर तसं लिहिलेलं हवं. लाकूड आयएसपीएम-१५ प्रमाणे, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे, तापवलेलं आणि तसा शिक्का मारलेलं. गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं, हा त्याचा निकष. मोकळ्या जागेत कपडे, तंबू, लोणच्याच्या बरण्या भरायचा मोह सगळ्यांना होतो. सरांच्या पेटीत हेल्मेटं, हत्यारं आणि सुटे भाग एवढंच गेलं, तेही यादीवर एकेक लिहून.

पेटी स्क्रूने बंद केली, खिळ्यांनी नाही. तीच पेटी परत यायची होती.

मोंबासाला बोट पोचायला दोनेक आठवडे लागले, गोदामातून गाडी सुटायला आणखी काही दिवस. सर विमानाने गेले आणि स्वतः हजर राहिले, हे चांगलं झालं. प्रवेशाचा शिक्का, तारीख आणि बंदराचं नाव तिथल्या तिथे वाचून त्यांनी मला फोटो पाठवला. पेटी एजंटच्या आवारात ठेवायची सोय भाड्यासकट आधीच ठरलेली होती.

पुढच्या प्रवासाबद्दल मी थोडंच लिहितो, तो सरांनीच कधीतरी लिहावा. मोंबासा-नैरोबी हा हमरस्ता त्सावोच्या पूर्व आणि पश्चिम उद्यानांच्या मधून जातो. वोईजवळ हत्तींचा कळप रस्त्याकडेला उभा होता, तेव्हा मागच्या ट्रकवाल्याने हात करून त्यांना थांबवलं आणि स्वतः आडवा उभा राहिला. वन्यप्राण्यांच्या त्या उद्यानांत मोटारसायकलला बंदी आहे, तेव्हा गाडी वोईत ठेवून जीप करावी लागली. खेड्यापाड्यांत बोडाबोडा, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, आणि त्यात बजाज बॉक्सर व टीव्हीएस एचएलएक्स जिकडेतिकडे. नाकुरूच्या पुढे सरांची क्लच केबल तुटली. हिमालयनची केबल मिळणं शक्यच नव्हतं, पण बॉक्सर दुरुस्त करणाऱ्या पोराने त्याच्याकडच्या तारेला टोक ओतून तासाभरात बसवून दिली. एकाच सिलिंडरच्या हिंदुस्थानी गाड्यांवर त्याचा हात बसलेला होता. आकुर्डीच्या बजाज कंपनीचं नाव त्या पोराच्या तोंडी ऐकून मॅडमना किती आनंद झाला, ते त्यांनी मला दोनदा सांगितलं.

नैरोबीत सरांचे मेहुणे नोकरीनिमित्त राहतात. त्यांना शनिवार-रविवार गाडी फिरवून पाहायची होती. सरांनी नाही म्हणून सांगितलं, थोडी नाराजीही झाली. पण कार्नेवर आलेली गाडी तिथल्या रहिवाशाला चालवायला देणं, भाड्याने देणं, विकणं, यातलं काहीही अटींचा भंग ठरू शकतं आणि फटका हमीला बसतो. नात्यापोटी असली जोखीम घ्यायची नसते.

आणि मग नमंगा, गाडी निघाल्यानंतरची एकमेव खरी अडचण. केनिया-टांझानियाची ही सीमा चौकी एकत्रित पद्धतीची आहे. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छताखाली बसतात, आणि ज्या देशात शिरता त्याच्या बाजूच्या इमारतीत दोन्ही कामं होतात. सोय मोठी, पण कार्नेवाल्याची हमखास चुकामूक. केनियाच्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याने बाहेर पडल्याचा तुकडा फाडून घेतला आणि शेजारच्या खिडकीकडे हात केला. सरांजवळ राहणाऱ्या तिसऱ्या तुकड्यावर शिक्का मारायचा राहिला. गर्दी होती, टांझानियाचा शिक्का मिळाला, पासपोर्ट झाले, सर पुढे निघाले. संध्याकाळी अरुशाला पोचल्यावर रोजच्याप्रमाणे पानाचा फोटो मला पाठवला आणि मला ती रिकामी जागा दिसली.

अशा वेळी ‘तुकडा त्यांच्याकडे गेला ना, मग झालं’ असं समजून पुढे जाणारे पाहिले आहेत. महिन्यांनी त्या देशाकडून असोसिएशनला विचारणा येते की गाडी बाहेर गेल्याची नोंद दिसत नाही, शुल्क भरा. मग स्थान-दाखला हा एक मार्ग उरतो. कार्नेच्या शेवटी त्याचा नमुना असतो. गाडी आता अमुक देशात आहे असं तिथल्या कस्टम्सने किंवा दूतावासाने तपासून लिहून द्यायचं. मार्ग आहे, पण लांबचा, आणि तोपर्यंत पैसे अडकलेले. अरुशा ते नमंगा शंभरएक किलोमीटर. मी सरांना म्हटलं, “सर, उद्या सकाळी तोच अधिकारी कामावर असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. परवा ते राहणार नाही.” ते पहाटे निघाले, किलिमांजारो डाव्या-उजव्या कुठल्या हाताला दिसला हेसुद्धा पाहिलं नाही म्हणतात. अधिकारी तोच भेटला, फाडलेला तुकडा त्याच्या गठ्ठ्यात वरच होता. आदल्या दिवशीच्या तारखेचा शिक्का आणि सही मिळाली, माफीही मागितली त्याने.

परतीला दोन गोष्टी नेमाने झाल्या. मोंबासाला पेटीत घालण्याआधी गाडी पाण्याच्या फवाऱ्याने धुतली, टायरच्या खाचा आणि मडगार्डच्या आतली बाजूसुद्धा. परदेशी मातीवर आपल्याकडे वनस्पती संसर्गरोधाचे निर्बंध आहेत आणि युगांडाची लाल माती लपत नाही. पेटीचा एक पाट फुटला होता, तो बदलताना शिक्क्याचंच लाकूड लावलं. न्हावाशेवाला तपासणीच्या दिवशी मी हजर होतो. अधिकाऱ्यांनी चेसिस नंबर वाचला, मग विजेरी घेऊन इंजिनापाशी वाकले, ठोकलेला नंबर पाहून थबकले आणि आरसीवरची नोंद मागितली. मी कलम ५२ ची नोंद आणि आरटीओचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, शिपिंग बिलाशी, म्हणजे गाडी जातानाच्या निर्यात-कागदाशी, ताडून पाहिलं आणि सही केली.

कार्ने असोसिएशनकडे जमा झालं, पाचही पानांचे शिक्के तपासले गेले, बँक गॅरंटी मोकळी झाली. दहातली पाच पानं कोरी परत गेली. सध्या नाशिकचं एक जोडपं याच मार्गासाठी विचारणा करतं आहे. त्यांच्या गाडीवर अजून कर्जाचे हप्ते आहेत. बँकेचं पत्र आणि दोन पेन्सिल छापा पाठवा, मग तारखा बोलू, असं त्यांना कळवलं आहे.